चार बरोबर, एक चूक

दारावर दोनदाच टकटक झाली, म्हणजे जेवण नव्हतं. जेवणाची टकटक तीनदा असते. चू इनहोने समोरच्या कागदावर चौथं वाक्य अर्धं लिहिलं होतं. त्यावर तळहात पालथा ठेवून तो म्हणाला, "या." ही सवय इथे दोन दिवसांत लागते, मग माणूस झोपेतही उशी हाताखाली झाकून ठेवतो. दारात सुरक्षेचा मेंग होता. चोवीस दिवसांपूर्वी आत घेताना त्यानेच प्रत्येकाचे मोजे उलटे करून पाहिले होते. आत्ता त्याच्या हातात एक काळा टाय होता, बोटांभोवती गुंडाळलेला. इनहोला आधी वाटलं, हा टाय हॉटेलच्या वेटरचा असणार. मग वाटलं, याची गाठ आधी कोणाकोणाच्या गळ्यात बसली असेल. त्यापुढचा विचार मात्र येईना. तो दाराशी मेंगच्या मागेच अडून राहिला, मेंग वाट देत नसल्यासारखा.

"वडील," मेंग म्हणाला. "काल सकाळी. तीन तास मिळतील, जाण्यायेण्याचा वेळ सोडून. मी बरोबर असेन, आणि एक पोलीस. साध्या कपड्यात."

"हो," इनहो म्हणाला आणि त्याने कागद उलटा केला. वडील गेल्याचं कळल्यावर आपण पहिली गोष्ट केली ती कागद उलटा करण्याची, हे त्याच्या लक्षात आलं. ते तिथेच राहिलं, दातात अडकलेल्या तुसासारखं.

हॉटेल डोंगरात होतं. फाटकावर 'दुरुस्तीमुळे बंद' अशी पाटी होती, आणि खरंच बंद हॉटेलासारखं ते दिसत होतं, खिडक्यांना बाहेरून जाळ्या, परसात काळ्या पिशव्यांचा ढीग. कचरासुद्धा परीक्षा होईपर्यंत बाहेर जात नसे. अख्ख्या देशातली बारावीची मुलं एका दिवशी जी परीक्षा देतात, तिचा पेपर इथे तयार होत होता. आत आलेल्या माणसाने बाहेर फोन करायचा नाही, पत्र लिहायचं नाही, आणि आपण इथे आहोत हे बायकोलाही सांगायचं नाही. घरच्यांच्या लेखी सगळे कुठे ना कुठे गेलेले होते. भूगोलाचे एक गृहस्थ जपानात होते, गणिताची बाई गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला. इनहो अमेरिकेत होता, एका परिषदेला. अमेरिका त्याने उगाच निवडली नव्हती. तिथे वेळ उलटी असते, फोन लागला नाही तरी कोणी मनावर घेत नाही.

खालील पाच वाक्यांत एकच क्रियापद अधोरेखित केले आहे. चार वाक्यांत ते योग्य वापरले आहे, एकात नाही. ते वाक्य शोधा.

हा त्याचा प्रश्न. तीन गुणांचा. क्रियापद होतं 'कीप'. इंग्रजीत ते एवढंसं, चौथीतल्या मुलालाही येणारं, पण तेच शब्द पाळतं, तेच गुपित राखतं, तेच हिशेब लिहितं, तेच माणसाला ताटकळत ठेवतं. आपल्या भाषेत दर वेळी वेगळा शब्द लागतो, तिथे हा एकटाच सगळीकडे राबतो. म्हणून मुलं चुकतात. सोपं असतं तिथेच चुकवायचं, हे या धंद्याचं पहिलं सूत्र. पण वाक्यं सापडणं कठीण होतं. तळमजल्यावरच्या मोठ्या खोलीत बाजारातली यच्चयावत गाइडं, वर्कबुकं, क्लासच्या नोटा भिंतीला लावून रचल्या होत्या. इथे तयार झालेलं वाक्य त्यांतल्या एकाशीही जुळलं तर बाद. नाहीतर परीक्षेनंतर बोंब उठते की अमक्या क्लासने प्रश्न फोडला. तपासायचं काम बांग बाईंकडे होतं. शाळेत वीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या, चष्मा कपाळावर सरकवून बोलणाऱ्या.

१. त्याने दिलेला शब्द पाळला.

"एकशे बारा पुस्तकांत आहे, सर," बांग बाई म्हणाल्या होत्या. "दुसरं दाखवा."

१. तिने ते गुपित राखलं.

"अहो, हे तर माझ्या आईलापण पाठ असेल. आणखी काही माल आहे की एवढंच?"

पंधरा दिवस असे गेले. माणसाने शब्द पाळल्याचं, डायरी ठेवल्याचं, दूध थंड ठेवल्याचं, कोणाला ताटकळत ठेवल्याचं प्रत्येक वाक्य आधीच कोणीतरी छापून मुलांच्या गळी उतरवलेलं होतं. या क्रियापदात नवीन काही घडतच नव्हतं. असं वाटायला लागलं की आपणही आजवर दुसऱ्या कोणाच्या तरी वर्कबुकातली वाक्यंच जगलो आहोत, रिकाम्या जागी योग्य शब्द भरून. आणि मग सोळाव्या दिवशी दुपारी, भातावर सार ओतून घेताना, एक वाक्य सबंध तयार होऊन समोर आलं. त्याने ते रुमालावर लिहिलं, रुमाल घेऊन तळमजल्यावर गेला. बांग बाईंनी शोधलं, पुन्हा शोधलं, चष्मा खाली घेतला. "कुठेच नाही," त्या म्हणाल्या. "हे कुठून आणलंत?"

३. परत कधीच न आलेल्या माणसांचे शर्ट माझ्या वडिलांनी जपून ठेवले.

"असंच सुचलं," तो म्हणाला.

गाडीत तो मधे बसला, एका बाजूला मेंग, दुसऱ्या बाजूला तो पोलीस, ज्याने आपलं नावसुद्धा सांगितलं नाही. बाहेरची झाडं चोवीस दिवसांत लाल होऊन झडायला लागली होती. दोंगदुचनचा रस्ता इनहोला पाठ होता, आणि म्हणूनच तो बघत नव्हता. या गावाकडे बघायचं नाही हे त्याने पंधराव्या वर्षी ठरवलं होतं. अमेरिकन छावणीचं गाव. छावणीच्या दोन नंबरच्या फाटकासमोर वडिलांची लाँड्री, चू मानबोकची लाँड्री, काचेवर इंग्रजीत लिहिलेली आणि एक अक्षर कायम पुसलेलं. आत खळीचा वास, वाफ, कोळशाच्या इस्त्रीपासून विजेच्या इस्त्रीपर्यंत एकच माणूस. सैनिक कपडे टाकून जात. मग एखाद्याची बदली होई, एखाद्याला विमानाने कुठल्याशा लढाईवर नेत, एखादा असाच नाहीसा होई. त्याचा शर्ट राहायचा. वडील तो पुन्हा धुवायचे, खळ द्यायचे, खाकी कागदात बांधायचे आणि मागच्या फळीवर ठेवायचे. वर्षभराने सोडून परत धुवायचे. फळी भरली, मग भिंत भरली, मग आई गेल्यावर झोपायच्या खोलीची एक बाजू भरली. प्रत्येक पुडक्यावर जाड पेन्सिलीने वडिलांचं इंग्रजी: 'कीप. ही कम.' ठेव, तो येतो. मोडकं, खुरटं, छावणीच्या फाटकावर वेचलेलं इंग्रजी. इनहो तेरा वर्षांचा असताना जिल्ह्यात इंग्रजीत पहिला आला होता. त्याने एके दिवशी पुडक्यांसाठी चिठ्ठ्या लिहून दिल्या, टापटीप अक्षरात, पूर्ण वाक्यात, 'मालक घेऊन जाईपर्यंत हे सुरक्षित ठेवण्यात यावे' अशा धाटणीच्या. वडिलांनी एक चिठ्ठी हातात घेतली, बराच वेळ बघितली. समोर एक काळा सार्जंट बाकावर बसून च्युइंग गम चघळत होता, त्याच्याकडेही एकदा बघितलं. मग म्हणाले, "छान आहे रे. पण एवढं लांब कोण वाचणार? आल्याबरोबर त्याला कळायला हवं ना, आपला शर्ट आहे म्हणून." आणि चिठ्ठ्या चुलीशी ठेवून दिल्या. इनहोने त्यानंतर मित्रांना घरी आणलं नाही. सोलच्या विद्यापीठात कोणी विचारलं तर वडिलांचा कपड्यांचा व्यवसाय आहे असं सांगे. ते खोटं नव्हतं. त्याची बरीच वाक्यं तशीच असत, खोटी नसलेली.

शोकगृह इस्पितळाच्या तळघरात होतं. चपलांच्या रांगेशी मेंगने हळूच सांगितलं, "परीक्षेबद्दल, इंग्रजीबद्दल, कुठे होतात त्याबद्दल, काही नाही. बाकी रडलात तरी चालेल." इनहो आत गेला. पांढऱ्या शेवंतीत वडिलांचा फोटो होता, ओळखपत्रावरचा मोठा केलेला, त्यामुळे ते कुणीतरी खुर्चीवर जबरदस्तीने सरळ बसवल्यासारखे दिसत होते. त्याने उदबत्ती लावली, कपाळ जमिनीला टेकवून दोनदा नमस्कार केला. दुसऱ्या नमस्काराला वर उठताना दिसलं की मुलाने बांधायची मुख्य शोककर्त्याची पट्टी दाजींच्या दंडावर आहे, सनरेताईच्या नवऱ्याच्या. दाजींनी ती सोडायला हात लावला.

"राहू दे," ताई म्हणाली. "त्याला परत जायचंय म्हणे. ऑफिसातून फोन आला तेव्हाच सांगितलं त्यांनी. किती तास आहेस रे?"

"तीन."

"बापासाठी लोक तीन दिवस बसतात, तू तीन तासांचा. आणि हे दोघं?"

"ऑफिसातले," इनहो म्हणाला.

"बरं आहे, अमेरिकेहून ऑफिसपण सोबत आणलंस." तिने त्याच्याकडे नीट बघितलं. "तिकडे ऊन नसतं का? तळघरातल्या मुळ्यासारखा पांढरा पडलायस."

कागद अंथरलेल्या बुटक्या मेजांशी नातेवाईक बसले होते. लाल तिखट रस्सा, भात, सोजू या दारूच्या हिरव्या बाटल्या. आत्याने मेंगला आणि पोलिसाला हाताला धरून बसवलं. "खा बाळांनो. तुमच्या साहेबांबरोबर एवढ्या लांब आलात. भावाला माझ्या अमेरिकेचे लोक फार आवडायचे." मेंगने तिच्याकडे न बघता चमचा उचलला. इनहो त्यांच्या समोरच बसला, तसा नियम होता, नजरेसमोर बसायचं. भाताची वाफ चेहऱ्यावर येत होती, तिला इस्त्रीचा वास नव्हता. हे त्याला विचित्र वाटलं. दोंगदुचनमध्ये वाफ म्हटली की खळीचा वास यायलाच हवा, कोणीतरी शिळा वास काढून घेतल्यासारखं हे गाव रिकामं झालं होतं. छावणी तर कधीच दक्षिणेला गेली. फाटकासमोर आता कॉफीची दुकानं असतील.

"दुकान रिकामं केलं," ताई रस्सा वाढता वाढता म्हणाली, जणू मिठाचं विचारत होती. "मालक थांबेना. गेल्या मंगळवारी नगरपालिकेची गाडी बोलावली."

"शर्ट?"

"गेले सगळे. आणि कुठे ठेवणार होते मी? माझ्या डोक्यावर? तुझा फोन बंद. ऑफिसला विचारलं तर निरोप देतो म्हणे. दिला का निरोप?"

मेंग रस्सा पीत होता.

"नाही," इनहो म्हणाला.

"बाबांना सांगितलंच नाही मी. ते आपले रोज एकच. इनहो भेटला का त्याला? हेनीला मिळाला का शर्ट? नर्सला विचारायचे, झाडूवालीला विचारायचे." ती हसली, मग तिचं हसणं मधेच थांबलं. "काय रे, भेटला का तुला तो हेनी?"

शर्टाचं पुडकं तिच्यासमोरच दिलं होतं वडिलांनी. इस्पितळात, खाटेवर बसून, नळी लावलेल्या हाताने उशीखालून काढून. अमेरिकेला चाललायस ना, हे हेनीला दे. बाबा, अमेरिका म्हणजे काय आपला शनिवारचा बाजार आहे? विचार कोणालाही, वडील म्हणाले, उंच आहे, डावा खांदा जरा उतरता आहे, मी आतून पट्टी लावून बरोबर केलाय, त्याला सांग, दिसणार नाही. वडिलांच्या चेहऱ्यावर तेव्हा असं काही होतं जे इनहोने त्याच्या कुठल्याही पदवीच्या दिवशी पाहिलं नव्हतं. आपला मुलगा शेवटी त्या लोकांकडे चालला आहे जे परत आले नाहीत. त्याने पुडकं घेतलं. डॉक्टर आदल्याच दिवशी म्हणाले होते, सहा आठवडे असतील, नसतीलही. आणि त्याच संध्याकाळी त्याने गुप्ततेच्या करारावर सहीचा शिक्का मारला, कारण अशी निवड एखाद्या प्राध्यापकाच्या वाट्याला एकदाच येते, कोणालाही न सांगता येणारी, आणि म्हणूनच फार मोठी. शिक्का नीट उमटला नाही म्हणून दुसऱ्यांदा मारला. हॉटेलच्या दारात मेंगने पुडकं सोडलं होतं. हे काय? शर्ट. तुमचा? माझा, इनहो म्हणाला होता, आणि मेंगने शर्टाची कडक बाही चाचपून, छातीवर शिवलेलं 'हेनी' हे नाव बोटाखालून जाऊ देऊन, पुडकं जसंच्या तसं पुन्हा बांधून दिलं होतं. आत्ता ते खोलीतल्या कपाटात, वरच्या खणात होतं.

"भेटला," इनहो म्हणाला.

मेजाभोवतीचे चमचे थांबले. आत्या पुढे सरकली. "खरंच? काय म्हणाला?"

आता एक वाक्य हवं होतं. कुठल्याच पुस्तकात नसलेलं. आयुष्यभर हेच काम केलेल्या माणसाला ते अर्ध्या श्वासात सुचलं. "म्हणाला, मला वाटलं होतं मी तो हरवला. घातला लगेच. खांदा बरोबर बसला."

आत्याने तोंडावर पदर घ्यावा तसा रुमाल घेतला. दाजी म्हणाले, "बघा," आणि सोजू ओतली. ताईने त्याच्या वाटीत मांसाचे दोन तुकडे जास्त टाकले. इनहोने वर बघितलं तेव्हा मेंग त्याच्याकडेच बघत होता. त्या नजरेत दोष नव्हता, दया नव्हती. सामान तपासून आत सोडलेल्या माणसाची नजर होती ती, कोणत्या पिशवीत काय आहे हे माहीत असलेली.

याच वेळी हारिम आली. ताईची मुलगी, अठराची. तिची बारावीची तीच परीक्षा पंधरा दिवसांवर होती. आत्या म्हणत होती की अशा दिवसांत पोरीला प्रेताजवळ आणू नये, निदान चिकट भाताची वडी तरी खाऊ घाला तिला, कॉलेजला चिकटेल. हारिम काळ्या पोशाखात, तोंडात वडी, हातात कड्यात ओवलेली शब्दांची कार्डं घेऊन इनहोच्या शेजारी येऊन बसली, लहानपणी बसायची तशी, गुडघा त्याच्या गुडघ्याला लावून. इंग्रजीचं काहीही अडलं की मामा. तिसरीपासून. तिने कडं फिरवून एक कार्ड काढलं.

"मामा, एवढं एकच बघा ना. शब्द दिला की स्वतः वाक्य करून बघायचं, असं तुम्हीच सांगितलं होतंत. याच्यावर मी आजोबांचं केलं होतं. आता त्याचा काळ बदलायला हवा ना?"

तिने कार्ड त्याच्यासमोर धरलं. वर तोच शब्द होता, 'कीप', जांभळ्या पेनाने. खाली तिचं वाक्य. जे येत नाहीत त्या लोकांसाठी माझे आजोबा शर्ट ठेवतात.

इनहोला वाटलं, आपला तळहात आपोआप त्याच्यावर पालथा पडणार. तो मांडीवरच राहिला. तळमजल्यावरच्या चौदाशे पुस्तकांत नसलेलं वाक्य या पोरीच्या कार्डावर होतं, कारण ते सुचण्यासारखं नव्हतंच, ते नुसतं तिथे होतं, भिंतीला लागून, कोणीही बघावं. मेंगने चमचा खाली ठेवला होता. पोलीस उठून उभा राहिला होता. हारिमला हे काही दिसत नव्हतं. तिचे डोळे सुजलेले होते आणि ती फक्त एका उत्तराची वाट बघत होती. 'ठेवतात' की 'ठेवायचे'. तिला व्याकरण नको होतं, हे त्याला कळलं. कोणीतरी मोठ्या माणसाने सांगायला हवं होतं की हो, आता ते बदलायचं.

"मला माहीत नाही," इनहो म्हणाला.

"माहीत नाही?" तिला वाटलं चेष्टा आहे. "तुम्हाला?"

"आईला विचार."

"आईला इंग्रजी येतं का?" मग तिने मेंगकडे, उभ्या पोलिसाकडे, पुन्हा त्याच्याकडे बघितलं आणि कार्ड हळूहळू मागे घेतलं. "बरं. तुम्ही दमला असाल," ती म्हणाली. तिने 'तुम्ही' आधीही म्हटलं होतं, पण हे वेगळं होतं, शाळेतल्या एखाद्या परक्या परीक्षकाला म्हणावं तसं. ती उठून फोटोजवळच्या कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. ताईने लांबून ते सगळं पाहिलं. जाताना ती त्याला दारापर्यंत सोडायला आली नाही. आत्या मात्र आली, आणि तिने मेंगच्या खिशात भाताच्या वड्या कोंबल्या.

परतीची गाडी गाव सोडून बाहेर आली. मग मेंगने वही काढली. "मुलीने कार्ड दाखवलं, तुम्ही उत्तर दिलं नाही. एवढं मी लिहितो," तो म्हणाला. "कार्डावर काय होतं ते तुम्हीच लिहा, प्रोफेसर. माझं इंग्रजी कच्चं आहे."

"आणि बाकीचं? शर्टाचं?"

"या वहीत फक्त परीक्षेचं लिहायचं असतं," मेंग म्हणाला आणि खिशातली वडी काढून पोलिसाला दिली.

म्हणजे आता सगळं त्याच्याच हातात होतं. कार्डावर एक साधा शब्द होता, असं लिहिलं की झालं. बारावीच्या अर्ध्या मुलांच्या कार्डावर तो शब्द असणार. मग पंधरा दिवसांनी दुपारी, जेव्हा मुलांना ध्वनिफितीवरचं इंग्रजी ऐकू यावं म्हणून विमानंसुद्धा आकाशात थांबवतात, तेव्हा पाच लाख मुलं एकाच वेळी त्याच्या वडिलांबद्दल वाचतील. चू मानबोकबद्दल, त्याच्या पुडक्यांबद्दल. गाडी घेऊन गेली ते सगळं पाच लाख डोक्यांत पुन्हा रचलं जाईल, मिनिटभर का होईना. दंडाला पट्टी न बांधलेल्या मुलाने बापासाठी एवढं तरी करावं. पण त्या पाच लाखांत हारिम असेल. तिला तिचंच वाक्य छापलेलं दिसेल, काळ बदलून, बरोबर करून. तिला वाटेल मामाने उत्तर दिलं. की तिला कळेल मामा कुठे होता, आणि त्याबरोबरच हेनीचंही. ती कोणाला तरी सांगेल, कार्ड दाखवेल, आणि कोणीतरी म्हणेल पेपर फुटला. तो खिडकीकडे बघत राहिला आणि त्याला नीट उमजेना की यातलं नेमकं कशाचं भय वाटतं आहे. पोरीचं भलं, परीक्षेची अब्रू की स्वतःचं खोटं. पाच पर्याय असते तर निदान एकावर खूण करता आली असती.

त्याने सगळं लिहून दिलं. शब्द, वाक्य, जांभळं पेन. समितीचे प्रमुख प्रोफेसर मिन यांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला. "तुमच्या दुःखात सहभागी आहे," ते म्हणाले, आणि मग त्याच आवाजात, "प्रश्न काढावा लागेल. राखीवमधला 'टेक'वरचा घेऊ. जरा शिळा आहे, पण चालेल." बांग बाईंनी उरलेले कागद गोळा केले. तिसऱ्या वाक्याशी त्या थबकल्या. चष्मा कपाळावर गेला. त्यांनी इनहोकडे बघितलं, त्याच्या गळ्यातल्या काळ्या टायकडे बघितलं, आणि तो कागद तुकडे करायच्या यंत्राकडे नेला. यंत्रात कागद सरळ गेला आणि शेवयांसारखा बाहेर पडला.

४.

चौथं वाक्य कधी पूर्ण झालंच नाही. काय लिहीत होतो तेही त्याला आठवेना.

परीक्षेच्या दिवशी शेवटचा तास सुरू झाला आणि फाटक उघडलं. सामान पुन्हा तपासायचं होतं, येताना तपासलं त्याहून बारकाईने, कारण आतून लिहिलेला एक चिठोराही बाहेर जायचा नव्हता. मेंगने पुडक्याची सुतळी सोडली. खाकी कागद चाळीस वर्षांच्या घड्यांवर अलगद उघडला. वर जाड पेन्सिलीने तेच तीन शब्द.

"हे इंग्रजी आहे," मेंग म्हणाला.

"वडिलांचं अक्षर आहे."

"मला माहीत आहे. कागदावर हाताने लिहिलेलं इंग्रजी आहे, प्रोफेसर." त्याने इनहोच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या लोकांकडे बघितलं, वर कॅमेऱ्याकडे बघितलं. "कागद राहील. शर्ट न्या."

इनहो एक शब्द बोलला असता तर कदाचित. पण तो नियमाचा माणूस होता, आणि त्या क्षणी त्याला इतकंच वाटलं की मागचे लोक खोळंबले आहेत. मेंगने कागदाची घडी मोडली नाही. ती तशीच यंत्राच्या तोंडाशी धरली. जुना कागद जाड असतो, यंत्र जरा कण्हलं.

सोलला जाणाऱ्या बसमध्ये शर्ट मांडीवर उघडाच होता. खळ अजून कडक होती, बाह्या आत माणूस असल्यासारख्या किंचित वर उचललेल्या. डाव्या खांद्याच्या आत त्याने बोट घातलं. पट्टी होती. बारीक टाक्यांची, बाहेरून न दिसणारी. फोन परत मिळाले होते, बसभर ते एकामागून एक जागे होत होते, लोक आपापल्या जपानातून आणि शस्त्रक्रियेतून परत येत होते. इनहोचा फोन बराच वेळ थरथरत राहिला. ताईचा शेवटचा निरोप दोन दिवसांपूर्वीचा होता. 'एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला ये. हेनीचं सगळ्यांना सांगावं लागेल, आत्या गावभर सांगत सुटलीये. देवळातल्या भिक्षूंनाही सांगितलं.' आणि हारिमचा, अर्ध्या तासापूर्वीचा. 'मामा, संपली. तो शब्द आलाच नाही. तेव्हा सांगितलं असतंत तरी काही बिघडलं नसतं.'

त्याने ते परत परत वाचलं. मग शर्टाची घडी घातली, वडील घालायचे तशी, बाह्या पाठीमागे, कॉलर वर, आणि घातल्यावर लक्षात आलं की हाताला ही घडी येते, कोणी शिकवलेली नसताना. घरी कुठे ठेवणार? ताई घरी येते. हारिम कपाटं उघडते. छातीवर नाव आहे. बस शहरात शिरली, उजेड अजून होता, रस्त्यात मुलं शाळांच्या फाटकांतून बाहेर पडत होती आणि आया त्यांना मिठीत घेत होत्या. बस थांबली तेव्हा इनहो घाईत नसल्यासारखा सगळ्यांच्या शेवटी उठला. बॅग घेतली. शर्ट त्याने मघाच वरच्या फळीवर ठेवला होता. तो पायऱ्या उतरला.

"ओ साहेब," ड्रायव्हरने मागून हाक मारली. साठीचा माणूस, गळ्यात घाम पुसायचा पंचा. तो आरशातून मागच्या फळ्या बघत होता. "वर शर्ट राहिलाय. तुमचा का?"

"माझा नाही," इनहो म्हणाला. हे वाक्य कुठूनही तपासलं तरी बरोबर होतं.

ड्रायव्हर उठून मागे गेला. दोन्ही हातांनी शर्ट खाली घेतला, त्याच्या कडकपणाचं नवल वाटल्यासारखा जरा वजन करून पाहिला, आणि घडी मोडणार नाही अशा बेताने आपल्या सीटमागच्या खणात सरकवला.

"राहू दे मग," तो म्हणाला. "ठेवतो मी. येईल कोणीतरी न्यायला."